गोंगाट हटवण्याचे शास्त्र : प्रस्तावना

चंद्रपूरच्या वाचकाला जमिनीखालचे काम समजावून सांगावे लागत नाही. बल्लारपूर, दुर्गापूर, माजरी, घुग्घुस ही नावे घेतली की पाळी, कॅप लॅम्प, रूफ बोल्ट हे शब्द आपोआप ओठावर येतात. अनेक घरांत वडील, काका किंवा आजोबा, कोणी ना कोणी कोळशासाठी खाली उतरलेले असते. या पुस्तिकेतली माणसेही खाली उतरतात, पण कोळसा, सोने किंवा युरेनियम काढायला नव्हे. जमिनीवर फार गोंगाट आहे, म्हणून ती खाली जातात.

हा गोंगाट कानांनी ऐकू येत नाही. आपण उभे आहोत तिथे तळहात आडवा धरला तर साधारण दर सेकंदाला म्युऑन नावाचा एक कण त्यातून आरपार जातो. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्या धडकेतून हे म्युऑन जन्मतात. पायाखालच्या मातीत आणि भिंतीच्या विटांत युरेनियम, थोरियम आणि किरणोत्सारी पोटॅशियम अगदी अल्प प्रमाणात असतेच. आपले शरीरही त्याला अपवाद नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसात केवळ पोटॅशियम-४० मुळे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणुकेंद्रे विघटन पावतात. त्याने आपले काही बिघडत नाही, कारण सजीव या किरणोत्सारातच वाढले आहेत. मात्र कृष्णद्रव्याचा कण टिपायला बसवलेल्या उपकरणाजवळ नुसते उभे राहणारा माणूसही त्या उपकरणाच्या दृष्टीने अडथळाच असतो.

कृष्णद्रव्याचा पत्ता आकाशाकडे बघून लागला. एटापल्ली-भामरागडकडे अमावास्येच्या रात्री आकाशगंगेचा पट्टा इतका स्वच्छ दिसतो की शहरातून आलेला माणूस थबकतो. त्या पट्ट्यातले तारे आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत आहेत. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आणि वायूच्या वस्तुमानावरून हिशेब केला, तर बाहेरच्या कडेचे तारे संथ फिरायला हवेत. इतर दीर्घिका तपासल्या तेव्हा ते तसे फिरत नाहीत असे आढळले. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहात अशीच विसंगती दिसली होती. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेचे भ्रमण मोजले, आणि मग शंका घ्यायला जागा उरली नाही. आजच्या मोजमापांनुसार विश्वात नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटींहून अधिक असे द्रव्य आहे, ज्याचे गुरुत्व जाणवते पण ज्यातून प्रकाश येत नाही. तेच कृष्णद्रव्य.

हे द्रव्य जर कणांचे बनलेले असेल, तर ते कण या क्षणी आपल्याही आसपास आहेत. एक कण प्रोटॉनच्या शंभरपट जड मानला, तर एक लिटर जागेत कोणत्याही वेळी असे सुमारे तीन कण असतील. तेही सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने जाणारे. आपल्या द्रव्याशी मात्र ते जवळपास संबंधच ठेवत नाहीत. टनभर द्रवाचे भांडे वर्षभर राखले, तरी त्यात एखादी धडक होईल की नाही याची खात्री देता येत नाही. धडक झालीच, तर तिची ऊर्जाही अगदी किरकोळ असते. अशी एक नोंद मिळवायची, तर त्याच काळात त्या भांड्यात होणाऱ्या इतर कोट्यवधी नोंदी एकतर घडू द्यायच्या नाहीत किंवा घडल्यास ओळखून बाजूला काढायच्या. या इतर नोंदींना शास्त्रज्ञ बॅकग्राउंड म्हणतात. कृष्णद्रव्याच्या प्रयोगात नव्वद टक्के मेहनत या बॅकग्राउंडवर जाते, असे मी म्हटले तर प्रयोग करणारे कोणी हरकत घेणार नाहीत.

भारतात हे काम कसे सुरू झाले हे महाराष्ट्राने विसरू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभा यांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन १९५१ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. खोलीबरोबर म्युऑन किती कमी होतात हे त्यांना मोजायचे होते. पुढच्या दशकात मोजणी पावणेतीन किलोमीटरपर्यंत पोहोचली. तिथे आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी एकही म्युऑन नोंदला गेला नाही. दुसऱ्या कोणी उपकरण बंद पडले असे समजून खाण सोडली असती. या मंडळींनी मात्र त्या रिकाम्या नोंदवहीचा अर्थ ओळखला. इथे इतकी शांतता असेल, तर खडकालाही न जुमानणारा न्यूट्रिनो इथेच सापडेल. १९६५ मध्ये जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या गटाला वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो सापडला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रेन्स यांच्या गटालाही त्याच वर्षी तो सापडला. कोलारमध्ये पुढे प्रोटॉनच्या विघटनाचा शोध घेणारे १४० टनांचे लोखंडी उपकरण बसले. आर्थिक कारणांनी खोल खाणी बंद पडू लागल्या आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगही थांबले. त्या प्रयोगांतल्या काही मोजक्या विचित्र नोंदींचा उलगडा अजून झालेला नाही. २०१४ मध्ये एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी त्या नोंदी कृष्णद्रव्याच्या विघटनाच्या असू शकतील का, असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. उत्तर कोणाकडेच नाही, कारण खाण पाण्याखाली गेली आणि नवी मोजणी करायला जागा राहिली नाही. ही हानी मला फार मोठी वाटते.

खोली वैश्विक किरणांचा बंदोबस्त करते, पण खडक स्वतःच किरणोत्सारी असतो. वरून येणाऱ्याला अडवले, की भिंतीतून येणारे जाणवू लागते. कोणत्या खडकात प्रयोगशाळा कोरली आहे याला म्हणून फार महत्त्व असते. इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली जगातली मोठी भूमिगत प्रयोगशाळा आहे. तिच्यावर १,४०० मीटर खडक आहे आणि तो प्रामुख्याने चुनखडीच्या जातीचा आहे. चुनखडीत युरेनियम-थोरियम कमी असते. राजुरा-कोरपना भागातून सिमेंट कारखान्यांकडे जाणारा दगड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा खडक अनोळखी नाही. याउलट ग्रॅनाइटच्या खडकात किरणोत्सार जास्त.

दुसरे उदाहरण औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक. कोळसा जळून जातो, पण त्यातले युरेनियम-थोरियम बहुतांशी राखेत राहते आणि तिथे तीनेक पटींनी दाट होते. घर बांधायला त्या राखेच्या विटा चालतात, कारण घराला लागणारी मर्यादा वेगळी आहे. भूमिगत प्रयोगशाळेच्या भिंतीला मात्र सिमेंटची गोणीसुद्धा आधी मोजून घ्यावी लागते.

आपल्या कोळसा खाणीत अशी प्रयोगशाळा होईल का, हा प्रश्न इथला विद्यार्थी विचारणारच, म्हणून त्याचे उत्तर आताच देतो. वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत खाणी काही शे मीटरच्या पुढे जात नाहीत. कोळशाचे थर मऊ गाळाच्या खडकात आहेत. पाणी झिरपते, मिथेन असतो, कोळसा काढल्यावर छत हळूहळू बसते. वीस-तीस वर्षे एका जागी अचल राहणाऱ्या उपकरणाला हे सोयीचे नाही. तरी खाणकामाचे जे ज्ञान या जिल्ह्यात आहे, त्यावाचून जगातली एकही भूमिगत प्रयोगशाळा उभी राहिलेली नाही.

कॅनडातल्या सडबरीजवळ चालू निकेल खाणीत, २ किलोमीटर खोलीवर, स्नोलॅब ही प्रयोगशाळा आहे. शास्त्रज्ञ सकाळी कामगारांबरोबर पिंजऱ्यातून खाली जातात आणि बोगद्यातून दीडेक किलोमीटर चालतात. आपल्याकडे खाणकामगार पाळी संपल्यावर आंघोळ करतो. स्नोलॅबमध्ये पाळी सुरू होण्याआधी आंघोळ करावी लागते. कपडे, बूट, केसांवरची टोपी, सगळे बदलूनच आत जाता येते. खाणीची धूळ म्हणजे बारीक झालेला खडक, आणि खडकात युरेनियम असतेच. चिमूटभर धूळ उपकरणावर बसली तरी वर्षभराचे काम वाया जाऊ शकते.

मग येते खुद्द उपकरणाची पाळी. किरण अडवायला शिसे उत्तम, पण ताज्या शिशात शिसे-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. म्हणून शतकानुशतके पडून राहिलेले शिसे मौल्यवान ठरते. सार्डिनिया बेटाजवळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शिशाचे ठोकळे घेऊन जाणारे एक रोमन जहाज बुडाले होते. त्यातले १२० ठोकळे २०१० मध्ये ग्रान सास्सोच्या शास्त्रज्ञांना मिळाले. ठोकळ्यांवरचे रोमन शिक्के कापून पुराणवस्तूतज्ज्ञांसाठी जपले आणि उरलेले शिसे वितळवून न्यूट्रिनोविषयक एका प्रयोगाच्या कवचाला वापरले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी याला विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता. तांब्याची अडचण वेगळी. जमिनीवर ठेवलेल्या तांब्यात वैश्विक किरणांमुळे कोबाल्ट-६० तयार होते. म्हणून अमेरिकेतल्या साउथ डकोटात शास्त्रज्ञांनी जमिनीखालीच विद्युतरासायनिक पद्धतीने कणाकणाने तांबे चढवून उपकरणाचे सुटे भाग बनवले. विमानप्रवासात वैश्विक किरणांचा मारा कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे असे साहित्य शक्यतो जहाजाने आणि रस्त्याने नेतात.

सगळ्यांत चिवट शत्रू म्हणजे रेडॉन. युरेनियमच्या साखळीतला हा वायू खडकातून, काँक्रीटमधून, वेल्डिंगच्या जोडातूनही झिरपत राहतो. अर्धायुष्य फक्त ३.८ दिवस, पण तेवढ्यात तो हवेबरोबर कुठेही पोहोचतो आणि त्याची अपत्ये पृष्ठभागावर चिकटून बसतात. ग्रान सास्सोतल्या झेनॉन-एन-टी या प्रयोगात साडेआठ टनांहून अधिक द्रव झेनॉन आहे. तो सतत ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यातून फिरवून रेडॉन वेगळा काढतात. २०२२ च्या निकालाच्या वेळी तिथे एका टनात दिवसभरात रेडॉनची जेमतेम दीडशे विघटने होत होती. कोणत्याही घरातल्या एक घनमीटर हवेत याहून कितीतरी जास्त विघटने दर तासाला होतात. क्रिप्टॉन-८५ चेही असेच. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून आणि अण्वस्त्र चाचण्यांतून तो वातावरणात मिसळला आहे, आणि झेनॉन हवेतूनच काढतात. आर्गॉन वापरणाऱ्यांनी आणखी लांबची वाट धरली. हवेतल्या आर्गॉनमध्ये आर्गॉन-३९ असतो, तो वैश्विक किरणांमुळे तयार होतो. म्हणून त्यांनी कोलोरॅडोतल्या कार्बन डायऑक्साइडच्या खोल विहिरींतून, युगानुयुगे हवेच्या संपर्कात न आलेला आर्गॉन काढला. त्यात आर्गॉन-३९ हजारपटींहून अधिक कमी निघाला.

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण या शास्त्राची वृत्ती त्यात दिसते. जून २०२० मध्ये झेनॉन-एन-टीच्या आधीच्या झेनॉन-वन-टी या प्रयोगाच्या गटाने जाहीर केले की अगदी कमी ऊर्जेच्या पट्ट्यात त्यांना २३२ नोंदी अपेक्षित होत्या आणि २८५ मिळाल्या. वरच्या ५३ नोंदी कुठून आल्या? सूर्यातून येणारे अ‍ॅक्सिऑन नावाचे नवे कण, न्यूट्रिनोचा अज्ञात गुणधर्म, अशा मोठ्या शक्यता मांडल्या गेल्या आणि जगभर निबंधांचा पाऊस पडला. त्याच गटाने मात्र आपल्याच निबंधात तिसरी, साधी शक्यताही ठळकपणे लिहिली होती. ती म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचाच किरणोत्सारी समस्थानिक. एक किलो झेनॉनमध्ये ट्रिटियमचे तीनपेक्षाही कमी अणू असले, तर या नोंदींचा उलगडा होत होता. एवढे ट्रिटियम आहे की नाही हे मोजण्याची दुसरी कोणतीच पद्धत नव्हती. नवे उपकरण बांधताना त्यांनी पाइप, टाक्या, वायू, सगळ्यांतून हायड्रोजनचा अंश काढण्यावर भर दिला. जुलै २०२२ मध्ये नवा निकाल आला. बॅकग्राउंड आधीच्या पाचव्या हिश्श्यावर आले होते आणि त्या जादा नोंदी दिसल्याच नाहीत. नवा कण सापडल्याची दोन वर्षांची आशा अशी मावळली. ती मावळवणारी माणसे तीच होती, आणि त्यांना हा निकाल आणायला कोणी भाग पाडले नव्हते. विज्ञानावर भरवसा का ठेवावा असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगतो.

त्याच उपकरणांत बॅकग्राउंडमधून खरा शोधही निघाला आहे. झेनॉन-१२४ हा अणू इतका सावकाश विघटन पावतो की त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या लाख कोटी पटींहून अधिक आहे. झेनॉन-वन-टीने २०१९ मध्ये ते थेट मोजून दाखवले.

गोंगाट कधी कधी अक्षरशः आवाजाच्या रूपात येतो. जर्मन पुढाकाराने चालणाऱ्या क्रेस्ट या प्रयोगात सुरुवातीला नीलमणी स्फटिकांतून हजारो नोंदी येत होत्या. किरणोत्सार म्हणावा, तर हिशेब जुळत नव्हता. अखेर कळले की स्फटिक जिथे घट्ट पकडून ठेवले होते, तिथे अतिसूक्ष्म तडे जात होते आणि प्रत्येक तड्याची ऊर्जा नोंदली जात होती. त्या तड्यांच्या लहान-मोठ्या ऊर्जेची वाटणी भूकंपांच्या वाटणीसारखी निघाली. पकड बदलल्यावर नोंदी घटल्या. कोळसा खाणीत मायनिंग सरदार काठीने छत ठोकून बघतो. घट्ट छत खणखणीत वाजते, सुटलेला थर बद्द आवाज करतो, आणि त्या आवाजावर पाळीतल्या माणसांचा जीव अवलंबून असतो. नेमका हाच न्याय बुडबुड्यांच्या उपकरणात लागू होतो. तिथे उकळबिंदूच्या वर तापवूनही न उकळलेला द्रव ठेवतात. कण धडकला की एक बुडबुडा फुटतो आणि बाहेरचे ध्वनिग्राहक तो ऐकतात. रेडॉनसारख्याच्या अल्फा कणाने काढलेला बुडबुडा, अणुकेंद्राला बसलेल्या धक्क्याच्या बुडबुड्यापेक्षा मोठ्याने वाजतो. त्यामुळे आवाजावरून अल्फाच्या नोंदी बाजूला काढता येतात.

भारतातला सध्याचा प्रयोग याच पद्धतीचा आहे. झारखंडमधल्या जादुगुडा येथे युरेनियम कॉर्पोरेशनच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर, कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेने २०१७ मध्ये प्रयोगशाळा सुरू केली. तिथल्या इंडेक्स प्रयोगात जेलमध्ये तरंगणारे टेट्राफ्लुओरोइथेनचे थेंब वापरतात. मोटारीच्या एसीत भरतात तोच हा वायू. युरेनियमच्या खाणीत रेडॉन मुबलक, म्हणून जागा आदर्श नाही, पण कोलारनंतर पंचवीस वर्षांनी देशाला पुन्हा जमिनीखाली जागा मिळाली. आणि मुंबईत, कुलाब्याला, समुद्रसपाटीवर टाटा संस्थेच्या आवारात जर्मेनियमचा एक शोधक तांब्याच्या आतल्या आणि शिशाच्या बाहेरच्या थरांत बंद आहे. रेडॉन बाहेर ढकलण्यासाठी आत नायट्रोजन सोडतात. कथिलाच्या एका दुर्मीळ विघटनाच्या प्रयोगासाठी लागणारी सामग्री आणि तमिळनाडूतल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेचा खडक, हे दोन्ही तिथे तपासले गेले.

त्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली, पण पश्चिम घाटातला डोंगर, जंगल आणि गावकऱ्यांचा विरोध यांत ती अडकली. गडचिरोलीत लेखा-मेंढाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. त्या गावाचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला दोन्ही बाजू समजतील. मला भूमिगत प्रयोगशाळा हवी आहे, मनापासून हवी आहे. पण बोगद्यातून निघणारा लाखो टन खडक कुठे जाईल, पाणी कुठले, वाट कुठून, हे गावाशी बसून ठरवणे हा प्रयोगाचाच भाग मानायला हवा. किलोभर झेनॉनमधल्या तीन अणूंची काळजी घेणाऱ्यांना हे जमणार नाही असे नाही.

एक बॅकग्राउंड मात्र कोणत्याही खडकाने थांबत नाही. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो चीनमधल्या २,४०० मीटर खोल जिनपिंग प्रयोगशाळेतही पोहोचतात आणि कृष्णद्रव्यासारखीच धडक देतात. २०२४ मध्ये तिथल्या पांडाएक्स आणि ग्रान सास्सोतल्या झेनॉन-एन-टी या दोन्ही गटांना त्यांची पहिली चाहूल लागली. त्याच वर्षी साउथ डकोटातल्या एल-झेड या दहा टनांच्या प्रयोगाने २८० दिवसांची नोंद तपासली आणि कृष्णद्रव्याचा कण मिळाला नसल्याचे सांगितले. हे अपयश नाही. आजवर सुचवलेल्या कणांपैकी कितीतरी कण अस्तित्वात असू शकत नाहीत, हे त्या २८० दिवसांनी पक्के केले.

ही पुस्तिका अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. खाणकामाची पदविका घेणाऱ्यांनी आणि आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्यांनीही ती वाचावी, कारण अशा प्रयोगशाळांना वायुवीजन, आधारकाम आणि स्वच्छ जोडणी जाणणाऱ्या हातांची गरज भौतिकशास्त्रज्ञांइतकीच असते. शिक्षकांना एक विनंती आहे. पुस्तिका वाचायला देण्याआधी वर्गात मेघकोष्ठाचा प्रयोग करा. त्याला काचेचे भांडे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते शोषून धरणारे जाड कापड, काळा तळ, बॅटरी आणि शुष्क बर्फ एवढेच लागते. शुष्क बर्फ हाताळताना हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. थोड्या वेळाने काळ्या तळावर पांढऱ्या रेघा उमटू लागतील. मुलांना लगेच काही सांगू नका, आधी मोजू द्या. मग लांब, सरळ, बारीक रेघा कोणाच्या आणि आखूड, जाड रेघा कोणाच्या, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या.